आधी क्लब, मग विमान: रेडिओ-नियंत्रित विमानांच्या छंदात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

रेडिओ-नियंत्रित विमान उडवावे असे ज्याच्या मनात येते, तो बहुधा सर्वांत आधी विमान विकत घेतो. खोके घरी येते, पंख जोडले जातात, बॅटरी चार्ज होते आणि जवळच्या मोकळ्या पटांगणात विमान हवेत सोडले जाते. पुढचे सगळे अर्ध्या मिनिटात आटोपते. विमान झपाट्याने चढते, वळते, समोरून आपल्याकडे येऊ लागते, त्याबरोबर डावे-उजवे उलटे होते आणि बोटांना काही सुचेपर्यंत नाक मातीत रुतलेले असते. माझ्या पहिल्या विमानाचा हवेतला मुक्काम वीस सेकंदांपेक्षा जास्त नव्हता. त्याच्या शेपटीचा एक तुकडा अजूनही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

क्लबमध्ये मी गेलो तो त्यानंतर, आणि तिथे पहिल्याच दिवशी लक्षात आले की माझ्या विमानात फारसे वाईट काही नव्हते. वाईट होता तो क्रम. शिकणे, तपासणे आणि खरेदी करणे या तीन गोष्टी मी नेमक्या उलट्या क्रमाने केल्या होत्या. हा लेख तो क्रम सुलटा लावण्यासाठी आहे. त्यात क्लबचे फायदे ओघाने येतील, कारण प्रत्येक पायरीवर क्लब नेमका कुठे उपयोगी पडतो हे पाहिल्याशिवाय ते पटत नाहीत.

क्लब नेमके काय देतो

मैदान हा सर्वांत उघड फायदा आहे आणि तो वाटतो त्याहून मोठा आहे. दीड किलो वजनाचे शिकाऊ विमान ताशी ६० किलोमीटर वेगाने एखाद्याला धडकले, तर तो आघात तेवढ्याच वजनाची वस्तू सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, अंगावर पडण्याइतका असतो. फोमचे विमान हलके दिसते म्हणून हा हिशेब कुणी करत नाही. क्लबने मैदान निवडताना आजूबाजूची वस्ती, विजेच्या तारा, रस्ते आणि जवळच्या विमानतळाची हद्द यांचा विचार केलेला असतो, जमीनमालकाची परवानगी घेतलेली असते आणि लागेल तिथे हवाई वाहतुकीचे नियमन करणाऱ्या यंत्रणेशी बोलणेही केलेले असते. हे सगळे एकट्याने जमवायचे म्हटले तर पहिले उड्डाण होईपर्यंत उत्साह संपून जाईल.

दुसरा फायदा विम्याचा. अनेक देशांत स्थानिक क्लब एखाद्या राष्ट्रीय संघटनेशी जोडलेले असतात. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेली अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स किंवा ब्रिटनमधील ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशन या अशा संघटना आहेत. त्यांच्या सदस्यत्वाबरोबर, आपल्या विमानामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई करणारा विमा मिळतो. घराच्या किंवा वाहनाच्या विम्यात हा धोका धरलेला असेलच असे गृहीत धरू नये.

तिसरा फायदा प्रशिक्षकाचा, ज्याविषयी पुढे सविस्तर येईलच. मात्र माझ्या मते सर्वांत मोलाचा फायदा चौथा आहे, आणि तो कोणत्याही क्लबच्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. तो म्हणजे दुसऱ्याचे डोळे. आपण स्वतः जोडलेल्या विमानातली चूक आपल्याला दिसत नाही, कारण जोडताना जे गृहीत धरले होते तेच तपासतानाही आपण गृहीत धरतो. शेजारी उभा असलेला माणूस ते धरत नाही.

पहिली पायरी: रिकाम्या हाताने जा

क्लबच्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी लवकर, वारा मंद असतानाच मैदानावर जावे आणि जाताना सोबत काहीही नेऊ नये. आधी संपर्क साधून गेले तर अधिक चांगले, कारण मग कुणीतरी आपल्याला सोबत घेऊन फिरवते. पहिला अर्धा तास फक्त पाहावे. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा कुठे लावला आहे, विमाने जोडण्याची जागा कुठे आहे, वैमानिक कोणत्या रेषेवर उभे राहतात, बघे त्या रेषेपासून किती मागे आहेत, हे सगळे लक्षात येऊ लागते. उड्डाणाची रेषा ही मैदानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. विमान तिच्या पलीकडेच उडते, वैमानिकांच्या आणि बघ्यांच्या डोक्यावर कधीही नाही.

त्यानंतर कान द्यावा. नीट चालणाऱ्या क्लबमध्ये वैमानिक मोठ्याने बोलतात. धावपट्टीवरून निघताना, उतरताना, पडलेले विमान आणायला मैदानात जाताना आणि सर्वांत तातडीने इंजिन किंवा मोटर हवेत बंद पडल्यावर हाक दिली जाते, आणि बंद पडलेल्या विमानाला बाकीचे सगळे वाट करून देतात. जिथे चार विमाने हवेत असूनही सगळे गप्प आहेत, तिथे थोडे सावध व्हावे. एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे: कुणी रेषा ओलांडून विमान मागे आणले तर काय होते? त्याला कुणीतरी शांतपणे विमान उतरवायला सांगितले आणि त्याने कुरकुर न करता ते उतरवले, तर क्लब चांगला आहे असे समजावे. धावपट्टीचे डांबर किंवा शेडचे छत यावरून क्लबची पारख होत नाही.

दुसरी पायरी: विचारायचे प्रश्न

प्रश्न फार नाहीत, पण ते खरेदीच्या आधी विचारले तरच उपयोगाचे. नवशिक्यांसाठी प्रशिक्षक आहेत का, ते कोणत्या दिवशी येतात, क्लबचे स्वतःचे शिकाऊ विमान आहे का, सदस्य होण्याआधी काही उड्डाणे करून पाहता येतात का, आणि मैदानावर वजनाची, आवाजाची किंवा उंचीची कोणती मर्यादा आहे, एवढे विचारावे. कायद्याची चौकशीही इथेच करावी. अनेक देशांत २५० ग्रॅमपेक्षा जड विमानासाठी नोंदणी किंवा छोटी परीक्षा लागते आणि उंचीची सर्वसाधारण मर्यादा सुमारे १२० मीटर असते. पण सवलती आणि अपवाद जागोजागी वेगळे असतात, आणि आपल्या मैदानाला नेमके काय लागू आहे हे क्लबच्या सचिवाइतके नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगू शकते.

यांतला एक प्रश्न बहुतेक नवशिक्यांना सुचत नाही, तो असा: इथे बहुतेक जण कोणत्या मोडमध्ये उडवतात? ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या नियंत्रकावर, दोन स्टिक असतात आणि चार कामे त्यांत वाटलेली असतात: थ्रॉटल मोटरचा जोर ठरवतो, रडर म्हणजे शेपटीचा उभा पाळा नाक डावी-उजवीकडे वळवतो, एलेव्हेटर म्हणजे शेपटीचा आडवा पाळा नाक वर-खाली करतो आणि एलेरॉन म्हणजे पंखांवरचे पाळे विमानाला कल देतात. मोड दोनमध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर असते, तर उजव्या स्टिकवर एलेव्हेटर आणि एलेरॉन. मोड एकमध्ये थ्रॉटल आणि एलेरॉन उजवीकडे, एलेव्हेटर आणि रडर डावीकडे. दोन्हीही तितकेच चांगले आहेत आणि कोणता श्रेष्ठ या वादात नवशिक्याने पडू नये. मात्र बोटांना एकदा लागलेली सवय मोडणे फार कठीण असते. म्हणून जो शिकवणार आहे त्याचाच मोड घ्यावा. ट्रान्समीटर कोणत्या कंपनीचा घ्यावा याचेही उत्तर बहुतेक वेळा असेच मिळते, कारण शिकवताना दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडावे लागतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रान्समीटर सहजासहजी जुळत नाहीत.

तिसरी पायरी: सदस्यत्व आणि खरेदी, याच क्रमाने

क्लबच्या विमानावर दोन-तीन उड्डाणे करून पाहिली की हा छंद आपल्याला मानवतो की नाही हे बऱ्यापैकी कळते. मानवत असेल तर सदस्यत्वाचा अर्ज भरावा, नियमावली खरोखर वाचावी आणि मगच विमानाकडे वळावे.

पहिले विमान निवडताना मन ओढ घेते ते लढाऊ विमानाच्या देखण्या प्रतिकृतीकडे. तो मोह आवरावा. शिकाऊ विमान दिसायला साधे असते, पण त्याच्या प्रत्येक साधेपणामागे कारण असते. पंख विमानाच्या धडाच्या वर असतात, त्यामुळे विमान आपणहून सरळ होऊ पाहते. दोन्ही पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात; एक पंख खाली झुकून विमान त्या बाजूला घसरू लागले की या कोनामुळे झुकलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि तो वर येतो. पंखाचा छेद जाड आणि खालून जवळजवळ सपाट असतो, म्हणून विमान कमी वेगातही तरंगते. साधारण १.२ ते १.५ मीटर पंखविस्तार असलेले, चार चॅनेलचे (म्हणजे वरची चारही कामे करणारे), नाकाखाली चाक असलेले आणि फोमचे विमान सुरुवातीला पुरेसे आहे. याहून फार लहान विमान वाऱ्याने हेलकावते आणि थोडे दूर गेले की त्याचा कल कोणत्या बाजूला आहे हेच दिसत नाही.

खर्च कुठे करावा याबाबत माझे मत स्पष्ट आहे. विमान स्वस्त असावे आणि ट्रान्समीटर बरा असावा, कारण विमान एक-दोन हंगामांत जाते, ट्रान्समीटर मात्र पुढच्या अनेक विमानांना पुरतो. क्लबमध्ये वापरलेली विमानेही मिळतात आणि ती बहुतेक वेळा चांगली असतात, कारण विकणाऱ्याला दर आठवड्याला त्याच मैदानावर तुमच्यासमोर उभे राहायचे असते. फक्त फार जुना ट्रान्समीटर घेऊ नये. पूर्वीच्या ट्रान्समीटरमध्ये ठरावीक वारंवारतेचे क्रिस्टल असे आणि दोघांनी एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच वारंवारतेवर, ट्रान्समीटर चालू केला की एकाचे विमान पडे. म्हणून क्लबमध्ये फळा लावलेला असे, त्यावरचा आपल्या चॅनेलचा चिमटा हातात आल्याशिवाय बटण दाबायचे नाही. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रणेत विमानातला प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी बांधलेला असतो आणि ही अडचण उरलेली नाही.

अलीकडे बऱ्याच शिकाऊ विमानांत तोल सावरणारा गायरो असतो. तो वापरावा का, हे प्रशिक्षकाला विचारावे. माझा अनुभव असा की वाऱ्याच्या झुळकेत तो मदत करतो, पण स्टिक सोडली की विमान आपोआप सरळ होते या भरवशावर शिकलेला माणूस गायरो नसलेल्या विमानापुढे पुन्हा नवशिका ठरतो.

घरी करायची तयारी

संगणकावरील सिम्युलेटर हा खेळ नाही. आपलाच ट्रान्समीटर संगणकाला जोडून रोज वीस मिनिटे सराव केला तर समोरून येणाऱ्या विमानाच्या डाव्या-उजव्याची गल्लत बरीच कमी होते. इथे एक युक्ती आहे, जी पुष्कळ प्रशिक्षक सांगतात: विमान आपल्याकडे येत असताना आपल्याला जो पंख खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला एलेरॉनची स्टिक न्यावी, जणू खाली गेलेल्या पंखाला खालून टेकू दिला. विचार न करता हे होऊ लागेपर्यंत सिम्युलेटर सोडू नये.

बॅटरीकडे मात्र गांभीर्याने पाहावे. या विमानांत लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो, बॅटरी वापरतात. तिच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. त्यामुळे तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची म्हणून ओळखली जाते, पण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. सेल ४.२ च्या वर गेला तर आगीचा धोका असतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला तर तो कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून प्रत्येक सेल वेगळा मोजणारा बॅलन्स चार्जरच वापरावा आणि उत्पादकाने वेगळे काही सांगितले नसेल तर बॅटरीच्या क्षमतेइतक्याच प्रवाहाने चार्ज करावे, उदाहरणार्थ २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २.२ अँपिअरने. चार्जिंग चालू ठेवून झोपू नये, बाहेर जाऊ नये. आठवडाभर उड्डाण होणार नसेल तर बॅटरी भरलेली ठेवण्याऐवजी प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावी. फुगलेली किंवा आदळून चेपलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. तिची विल्हेवाट कशी लावायची हे क्लबमधील जुने सदस्य सांगतील.

मैदानावरचा पहिला दिवस

विमान नवे असो वा वापरलेले, ते पहिल्यांदा मैदानावर आणल्यावर लगेच उडत नाही. आधी त्याची तपासणी होते आणि ही तपासणी दुसऱ्याने करायची असते.

मी दुसरे विमान घेऊन गेलो तेव्हाची गोष्ट. शेपटीचे, पंखांचे, चाकांचे सगळे स्क्रू मी घरी दोनदा पाहिले होते. क्लबमधील एका ज्येष्ठ सदस्यांनी विमान टेबलावर ठेवले, ते स्वतः शेपटीमागे उभे राहिले आणि मला म्हणाले, "उजवीकडे वळवा." मी स्टिक उजवीकडे नेली. एलेरॉन हलले, सर्व्होचा (पाळे हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) बारीक आवाज आला, सगळे व्यवस्थित वाटले. ते काही बोलले नाहीत, फक्त उजव्या पंखाच्या एलेरॉनवर बोट टेकवून उभे राहिले. ते एलेरॉन खाली गेले होते. उजवीकडे वळायचे तर उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली जायला हवे. सर्व्हो बदलताना मी दिशा उलटी करून ठेवली होती आणि घरी तपासताना "हलते आहे ना" एवढेच पाहिले होते. ते विमान तसेच उडाले असते तर पहिल्याच झुळकेला मी ज्या बाजूने सावरायला गेलो असतो, त्याच्या नेमके उलट ते कलंडले असते. ट्रान्समीटरच्या मेनूत जाऊन दिशा बदलायला दहा सेकंद लागले.

म्हणून ही तपासणी नेहमी विमानाच्या मागे उभे राहून आणि दिशा मोठ्याने बोलून करावी. स्टिक उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन वर, स्टिक आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर, रडर उजवीकडे तर शेपटीचा उभा पाळा उजवीकडे.

त्यानंतर गुरुत्वमध्य. बहुतेक विमानांत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर असतो आणि नेमकी खूण माहितीपुस्तिकेत दिलेली असते. बॅटरी आत बसवून त्या खुणेवर दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांवर विमान उचलावे. ते सपाट राहिले किंवा नाक किंचित खाली गेले तर ठीक. या छंदात एक बोलणे सगळीकडे ऐकू येते की नाकाकडे जड विमान वाईट उडते, पण शेपटीकडे जड विमान एकदाच उडते. शेपूट जड वाटली तर बॅटरी पुढे सरकवावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.

पल्ल्याची चाचणी राहते. ट्रान्समीटर कमी शक्तीच्या स्थितीत ठेवून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, सामान्यतः ३० मीटरच्या आसपास, चालत जावे आणि सगळे भाग न अडखळता हलतात का हे दुसऱ्याला पाहायला सांगावे. संपर्क तुटल्यास मोटर बंद पडते का, हेही कुणीतरी विमान घट्ट धरलेले असताना ट्रान्समीटर बंद करून एकदा पाहावे.

प्रोपेलरबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण या छंदातल्या पुष्कळ जखमा हवेत नव्हे तर टेबलावर होतात. नऊ इंची प्रोपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर त्याचे टोक ताशी सुमारे ४३० किलोमीटर वेगाने फिरते. विजेची मोटर इंजिनासारखी आधी धडधडत नाही. ती गप्प असते आणि बाही लागून थ्रॉटल जरा पुढे सरकला की एकदम फिरते. बॅटरी जोडल्या क्षणापासून मोटर चालू आहे असेच मानावे. आधी थ्रॉटल खाली आणि मोटर बंद ठेवणारे बटण चालू, मग ट्रान्समीटर, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढायची आणि मग ट्रान्समीटर बंद करायचा. बोटे, चेहरा आणि कॅमेरा प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कधीही आणू नयेत.

जोडलेले दोन ट्रान्समीटर

आता प्रत्यक्ष शिकणे. प्रशिक्षकाचा आणि तुमचा ट्रान्समीटर तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जोडला जातो. या जोडणीला बडी बॉक्स म्हणतात. प्रशिक्षक आपल्या ट्रान्समीटरवरचे एक बटण दाबून धरतो तोवर विमान तुमच्या हातात असते आणि त्याने बोट उचलताच ते त्याच्याकडे परत जाते. सगळी जादू त्या बटणात आहे. विमान विकत घेऊन एकट्याने शिकणाऱ्याला प्रत्येक चुकीची किंमत दुरुस्तीत मोजावी लागते. बडी बॉक्सवर शिकणाऱ्याला तीच चूक एका बोटाच्या हालचालीत माफ होते आणि त्याच उड्डाणात पुन्हा करून पाहता येते.

प्रशिक्षक स्वतः विमान वर नेतो, स्टिक सोडल्यावर ते सरळ जाईल असे ट्रिम लावतो आणि मग "तुमच्याकडे" असे म्हणतो. उंची किती असावी याचे क्लबमधले माप आहे: तीन चुका मावतील एवढी. सुरुवातीला फक्त सरळ उडवायचे, मग मोठी वळणे. वळण्यासाठी एलेरॉनने कल द्यायचा, स्टिक मध्यावर आणायची, नाक खाली जाऊ नये म्हणून एलेव्हेटर किंचित मागे ओढायचा आणि शेवटी उलट्या एलेरॉनने पंख सरळ करायचे. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या स्टिक गरजेपेक्षा फार जास्त हलवतो. विमानाला टिचकी पुरते, आणि बोट जितके शांत तितके विमान शांत.

दोन्ही दिशांची वळणे आणि आठचा आकार जमला की धावपट्टीला समांतर चौकोनी फेरी येते आणि तिच्यातूनच उतरण्याचा सराव सुरू होतो. उतरणे शेवटी शिकवतात याचे कारण सांगण्यासारखे आहे. विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकणार असे दिसले की हात आपोआप एलेव्हेटर मागे ओढतो, कारण नाक वर केले की विमान वर जाईल असे मनाला वाटते. प्रत्यक्षात वेग कमी असताना नाक उचलले तर पंख हवेला अधिकाधिक तिरपा होत जातो, एका मर्यादेनंतर त्यावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल एकाएकी नाहीशी होते. यालाच स्टॉल म्हणतात आणि जमिनीपासून तीन मीटरवर त्यातून सावरायला जागाच नसते. अशा वेळी हवा असतो तो थोडा थ्रॉटल. उतरताना विमान किती पुढे जाणार हे थ्रॉटलने आणि त्याचा वेग एलेव्हेटरने सांभाळायचा, ही गोष्ट वाचून पटते पण हाताला पटायला कितीतरी फेऱ्या लागतात. विमान नेहमी वाऱ्याच्या समोर उतरवायचे आणि शंका आली तर पुन्हा वर न्यायचे. दहा वेळा वर नेले तरी कुणी हसत नाही.

एका उड्डाणाला सुरुवातीला सहा मिनिटांचा गजर लावावा. बॅटरीत पंचवीस-तीस टक्के शिल्लक राहणे हे त्याचे एक कारण. दुसरे म्हणजे तेवढ्या वेळात लक्ष थकते. एका सकाळी तीन-चार उड्डाणे पुष्कळ झाली. शिकत असताना एकच प्रशिक्षक धरावा. क्लबात सल्ला भरपूर मिळतो, आणि दोन अनुभवी माणसांचे सल्ले बरोबर असूनही एकमेकांत बसत नाहीत. क्वचित एखादा सदस्य नवशिक्यांशी फटकून वागणाराही भेटतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा टेबल बदलावे.

एकट्याने पहिले उड्डाण आणि त्यानंतर

किती उड्डाणांनंतर एकट्याने उडवता येते, याला ठरावीक उत्तर नाही. मी दहा-बारा उड्डाणांत तयार झालेले तरुणही पाहिले आहेत आणि दोन हंगाम घेऊन अतिशय सफाईने उडवणारे निवृत्त गृहस्थही. बऱ्याच क्लबांत छोटी चाचणी असते: उड्डाणापूर्वीची तपासणी, वर जाणे, आठचा आकार, चौकोनी फेरी, उतरणे, मोटर बंद करून उतरवणे आणि सुरक्षेचे काही प्रश्न. यातला मोटर बंद करून उतरवण्याचा भाग नवशिक्यांना छळतो, पण तोच सर्वांत उपयोगी असतो. वाऱ्याकडे तोंड करून, वेग न गमावता, मिळेल तिथे पंख सरळ ठेवून टेकवायचे.

विमान कधीतरी पडणारच. पडल्यावर सर्वांत आधी थ्रॉटल खाली आणावा, हाक देऊन मैदानात जावे, बॅटरी काढून ती चेपली आहे का पाहावे आणि ती काही वेळ इतर सामानापासून दूर, जळणार नाही अशा जागी ठेवावी. तुकडे सगळे गोळा करावेत, अगदी नखाएवढेही, कारण फोमचे तुकडे कोड्यासारखे परत जुळतात. चिकटवण्याआधी मात्र क्लबमध्ये विचारावे. साध्या थर्माकोलसारख्या फोमवर नेहमीचा झटपट डिंक टाकला तर फोम विरघळतो. त्यासाठी फोमला चालणारा वेगळा डिंक किंवा इपॉक्सी लागते. माझ्या विमानाचे मोडलेले नाक एका सदस्याने टेबलावर पाच मिनिटांत बसणाऱ्या इपॉक्सीने आणि बांबूच्या दोन काड्यांनी जोडून दिले आणि त्याच सकाळी ते पुन्हा उडाले.

क्लबकडून घेताना क्लबला द्यावेही लागते. गवत कापणे, कुंपणाची डागडुजी, वार्षिक सभेत बसणे ही कामे कंटाळवाणी आहेत, पण मैदान त्यांवरच टिकून असते. गवत कापायला आलेल्या नव्या सदस्याला दुपारी शिकवायला प्रशिक्षक जरा जास्त वेळ देतात, असेही माझे निरीक्षण आहे.

काही महिन्यांनी दुसऱ्या विमानाची इच्छा होईल. ते बहुधा पंख खाली असलेले, अधिक चपळ आणि आपणहून सरळ न होणारे असेल. ते घरी कितीही काळजीने जोडले असले तरी मैदानावर टेबलावर ठेवून आधी कुणाला तरी शेपटीमागे उभे करावे, दिशा मोठ्याने बोलाव्यात आणि पहिल्या उड्डाणापुरता ट्रान्समीटर अनुभवी सदस्याच्या हातात द्यावा. तो विमान दोन फेऱ्या फिरवील, ट्रिम लावील, उंचावर नेऊन ते किती कमी वेगात स्टॉल होते ते पाहील आणि मग तुमच्याकडे न बघताच म्हणेल, "तुमच्याकडे."